शिक्षकाला नीट शिकवता येईल अशी शाळा कशी घडवायची: सुरुवात सूचना वहीपासून

आमच्या शाळेत एक प्रोजेक्टर होता आणि तो कपाटात कुलूप लावून ठेवलेला होता. किल्ली क्लार्क भाऊसाहेबांकडे, रजिस्टरला तीन सह्या, आणि वापरून झाल्यावर 'सुस्थितीत परत केला' असं शिक्षकाने स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं, काही बिघडलं तर जबाबदारी त्याची. आता सांगा, कोण वापरणार? वर्षभर कुणी हात लावला नाही. आणि मार्चच्या मीटिंगमध्ये 'तुम्ही लोक तंत्रज्ञान वापरतच नाही' म्हणून सगळ्यांवर चढणारी मीच होते, तेव्हा मी पर्यवेक्षिका होते. त्या दिवशी चित्रकलेचे सर शांतपणे एवढंच म्हणाले, "मॅडम, आधी किल्ली कुठेय ते बघा." मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण पुढं जे काही शिकले ते त्या किल्लीपासूनच.

नाशिकमधली अनुदानित माध्यमिक शाळा, नाव सांगत नाही, सहशिक्षिका ते मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, अशी सव्वीस वर्षं इथेच गेली. या लेखात जे लिहितेय ते मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, केंद्रप्रमुख आणि स्टाफरूममध्ये ज्यांचा शब्द चालतो अशा सीनियर शिक्षकांसाठी आहे. शिक्षक चांगला की वाईट याची चर्चा आपण खूप करतो, बी.एड. कुठून केलं, टेट किती मार्कांनी पास, अनुभव किती. पण तोच माणूस एका शाळेत फुलतो आणि बदली होऊन दुसऱ्या शाळेत गेला की खुर्चीला चिकटतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

अमेरिकेत मॅथ्यू क्राफ्ट आणि जॉन पापे या दोघांनी २०१४ मध्ये नेमकं हेच मोजलं. नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या शार्लट-मेक्लेनबर्ग इथल्या शाळांमधले शिक्षक दहा वर्षांत किती सुधारले ते त्यांनी मुलांच्या गुणांवरून काढलं, तर जिथे वातावरण आधार देणारं होतं तिथले शिक्षक कमी आधार देणाऱ्या शाळांतल्या शिक्षकांपेक्षा ३८ टक्के जास्त सुधारले होते. वातावरण म्हणजे त्यांनी काय धरलं, तर शिस्तीत सातत्य, सहकाऱ्यांबरोबर काम, मुख्याध्यापकांचा पाठिंबा, उपयोगी प्रशिक्षण, एकमेकांवरचा विश्वास आणि न्याय्य मूल्यमापन. यातलं इमारतीवर किंवा स्मार्ट बोर्डवर अवलंबून असलेलं एकही नाही बघा.

माझ्यापुरती मी एकच कसोटी ठेवलीय. आपल्या स्टाफरूममध्ये एखादा शिक्षक 'मला हा धडा जमला नाही' असं मोठ्याने म्हणू शकतो का, आणि म्हटल्यावर त्याला मदत मिळते की त्याची चर्चा होते. खालचं सगळं त्यासाठीच आहे.

पायरी १: सूचना वही घेऊन बसा

एडगर शाईन नावाच्या अभ्यासकाने संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर सांगितलेत. डोळ्याला दिसतं ते, आपण तोंडाने सांगतो ते, आणि कुणी न बोलता सगळ्यांनी धरून चाललेलं असतं ते. आपल्या शाळांत पहिला थर म्हणजे फळ्यावरचा सुविचार, दुसरा म्हणजे संस्थेच्या अहवालातलं 'विद्यार्थी हाच केंद्रबिंदू', आणि तिसरा थर पाहायचा असेल तर शिपाई मामा जी सूचना वही वर्गावर्गात फिरवतात आणि आपण शिकवता शिकवता सही करतो, ती घ्या.

मागच्या सहा महिन्यांच्या सूचना वाचा. हातात दोन पेनं ठेवा. शिकवण्याशी, मुलांच्या शिकण्याशी थेट संबंध असलेल्या सूचनेला निळी खूण, बाकी सगळ्याला लाल. माहिती सादर करा, फोटो अपलोड करा, रॅलीला उपस्थित राहा, अमुक दिनाचा अहवाल द्या, उशिरा येणाऱ्यांनी नोंद घ्यावी. आमच्या वहीची पानंच्या पानं लाल झाली, निळ्या खुणा दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि त्यातल्या अर्ध्या परीक्षेचे पेपर काढायच्या तारखा. म्हणजे रोज सही करून घेऊन आम्ही शिक्षकांना सांगत होतो की इथं शिकवणं हे दुय्यम आहे, आणि ते त्यांनी बरोबर ऐकलं होतं.

हे काम एकट्याने करू नका, दोन शिक्षकांना बरोबर घ्या, त्यातला एक तुमचा टीकाकार असू द्या (प्रत्येक शाळेत असतो, तुम्हाला नाव लगेच आठवलं असेल). त्याच आठवड्यात आणखी दोन गोष्टी बघून ठेवा. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये कोण कुठे बसतं, आणि कुलपात काय काय आहे. नकाशे, प्रयोगशाळेचं सामान, रंगीत कागद, लायब्ररीतली नवी पुस्तकं. जे कुलपात आहे त्यातलं निम्मं तरी बाहेर काढा. आम्ही प्रोजेक्टर उपशिक्षकांच्या खोलीत ठेवला, वही ठेवली ती फक्त कुठल्या तासाला कोण नेणार ते लिहायला. एकदा केबल तुटली. साडेतीनशे रुपयांची केबल, शाळेने आणली, कुणाला विचारलं नाही.

पायरी २: शिकवण्याआड येणारं ओझं उचला

इथं बरेच मुख्याध्यापक म्हणतात की वरून आदेश येतात, आमच्या हातात काय. काही अंशी खरं आहे. पण शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ एकदा शांतपणे वाचा. शिक्षकांना दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका, एवढ्याच बिगरशैक्षणिक कामांना लावता येतं. बीएलओची, म्हणजे मतदार यादीच्या कामाची, ड्युटी आली तर ती निवडणुकीतच मोडते, तिथं वाद घालून उपयोग नाही, पण शाळेच्या आतलं जे ओझं आपणच तयार करतो ते तरी?

यू-डायस प्लस आणि सरल ही सरकारी माहिती पोर्टलं, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पोषण आहाराची नोंद, आधार अपडेट. आमच्याकडे पूर्वी प्रत्येक वर्गशिक्षक स्वतःच्या वर्गाचं सगळं भरायचा, म्हणजे तीच माहिती वेगवेगळ्या फॉर्मॅटमध्ये चार वेळा, आणि ग्रुपवर मेसेज 'आजच्या आज, अत्यंत तातडीचे'. आम्ही असं केलं:

जूनमध्ये एकदाच प्रत्येक मुलाची संपूर्ण माहिती एका शीटमध्ये, नंतर कुणीही मागो, त्यातूनच काढायची.

पोर्टलचं काम तीन जणांकडे दिलं, त्यांच्या आठवड्याला तीन तासिका कमी केल्या आणि त्या बाकीच्यांनी वाटून घेतल्या. वाटून घेताना कुरकुर झाली, पण जेव्हा कळलं की वर्षभर माहिती भरायची नाही तेव्हा थांबली.

संध्याकाळी सातनंतर शाळेच्या ग्रुपवर मेसेज नाही. हे सगळ्यात आधी मला स्वतःला पाळावं लागलं आणि सगळ्यात अवघड मलाच गेलं. रात्री साडेदहाला आठवतं ना, सकाळी परिपाठाला पाहुणे येणार आहेत! कागदावर लिहून ठेवते आता.

वरून आलेला प्रत्येक मेसेज जसाच्या तसा खाली ढकलायचा नाही, हेही ठरवलं. फॉरवर्ड करणं म्हणजे मुख्याध्यापकपण नाही. कशाला शिक्षक लागतात, काय ऑफिसमधून भागतं, काय पुढच्या आठवड्यात चालेल, हे गाळून मगच स्टाफकडे.

पायरी ३: एकत्र बसायला वेळ, आणि तो टाइमटेबलमध्येच

हा भाग जरा लांबवते कारण सगळी गंमत इथं आहे.

'एकमेकांशी चर्चा करत जा' असं सांगून कुणी चर्चा करत नाही. आमच्याकडे सोमवार ते शुक्रवार आठ तासिका आणि शनिवारी पाच, म्हणजे आठवड्याच्या ४५. एका शिक्षकाकडे त्यातल्या तीस-बत्तीस. ज्या ऑफ, म्हणजे मोकळ्या तासिका, उरतात त्यात कुणी रजेवर असेल तर त्याचा वर्ग, नाहीतर वह्या. शिवाय गणिताच्या तिघांच्या ऑफ वेगवेगळ्या वेळी. बोलणार कधी? गेटवर गाडी काढताना. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरलेत ते तयारीचे तास धरून, म्हणजे तयारी हे कामच आहे असं कायदाच म्हणतो, आपण मात्र ती घरी जाऊन कणीक मळता मळता करायची गोष्ट समजतो.

टाइमटेबल बसवताना सगळ्यात आधी प्रत्येक विषयाच्या शिक्षकांची आठवड्यातली एक सामाईक ऑफ बसवा, मग बाकीचं. सगळं झाल्यावर ती घुसवायला गेलात तर कधीच बसणार नाही, मी दोन वर्षं तशीच फसले. आम्ही ती मधल्या सुट्टीला चिकटून ठेवली, तासिका ३५ मिनिटांची आणि सुट्टी २५ मिनिटांची, म्हणजे डबा खाऊन सलग तासभर मिळतो. शनिवारची शेवटची तासिका देऊ नका, गावी जाणाऱ्यांचं लक्ष तेव्हा सीबीएस बसस्थानकावरच्या एसटीकडे असतं. आणि ही ऑफ बदली तासिकेसाठी ओढायची नाही, कुणी रजेवर असलं तरी. पहिल्या महिन्यात मी स्वतः दोन वर्गांवर जाऊन बसले पण ती मोडू दिली नाही. २०२७ च्या कुंभमेळ्यात वेळापत्रक हलणार हे धरूनच चला, तेव्हाही हा एक तास शेवटी हलवा.

बसल्यावर काय करायचं? पहिल्या दोन वेळा आमच्याकडे भत्त्यांवर चर्चा झाली. मग एक नियम केला की येताना मुलांच्या पाच वह्या आणायच्या, बाकी अजेंडा नाही, आणि मी तिथं बोलावल्याशिवाय जाणार नाही.

एक प्रसंग सांगते. सातवीच्या वह्या होत्या, अपूर्णांकांची बेरीज. १/२ + १/३, आणि बऱ्याच मुलांनी उत्तर २/५ लिहिलेलं. वरची वर, खालची खाली. गणिताच्या मॅडमनी लाल फुली मारून 'लसावि काढा' लिहिलं होतं, आणि पुढच्या उदाहरणात तीच चूक. मॅडम वैतागलेल्या, की दहादा सांगितलं तरी हेच. त्या दिवशी विज्ञानाचे सर सहज तिथं बसले होते, ते म्हणाले, "पण मॅडम, अर्धी भाकरी होती, त्यात आणखी तुकडा घातला, आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं, हे पोराला खटकत का नाही?" सगळे गप्प. दोन पंचमांश म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी, हे आम्हालाही तसं सुचलं नव्हतं. चूक लसाविची नव्हतीच, मुलं अपूर्णांक ही एक संख्या आहे असं बघतच नव्हती, वर एक आकडा आणि खाली एक आकडा एवढंच. दुसऱ्या दिवशी मॅडमनी फळ्यावर काही न लिहिता कागदाच्या पट्ट्या दुमडायला लावल्या, आणि उत्तर काढायच्या आधी 'अर्ध्यापेक्षा मोठं येणार की लहान' एवढंच विचारायला सुरुवात केली. आठवडाभरात सगळं सुधारलं असं म्हणणार नाही. पण मॅडम पुढच्या बुधवारी आपणहून वह्या घेऊन सगळ्यांत आधी येऊन बसल्या होत्या.

ज्युडिथ वॉरेन लिटल यांनी १९८२ मध्येच हे मांडलं होतं. ज्या शाळा पुढं जातात तिथं शिक्षक शिकवण्याविषयी नेमकं बोलतात, एकमेकांचे तास बघतात, साहित्य मिळून तयार करतात आणि एकमेकांना शिकवतात. आपल्याकडं पहिल्यावरच गाडी अडते, कारण नेमकं बोलायला समोर वही लागते. नुसतं 'मुलांचा पाया कच्चा आहे' म्हटलं की सगळ्यांच्या माना हलतात आणि चहा येतो.

एक धोका मात्र आहे. या बैठकीचा अहवाल मागायला लागलात, फोटो काढून ग्रुपवर टाकायला लागलात, की ती मेलीच. अँडी हारग्रीव्हज या अभ्यासकाने लादलेल्या सहकार्याबद्दल हाच इशारा दिलाय. मी फक्त एक ओळ मागते, 'या आठवड्यात काय करून बघणार', तीही तोंडी.

पायरी ४: वर्गनिरीक्षणाची भीती घालवा

मी पर्यवेक्षिका झाले त्या पहिल्याच वर्षी एका बाईंच्या तासाला बसले आणि लॉग बुकात लाल पेनाने लिहिलं, 'वर्गनियंत्रण कमी, टाचण अद्ययावत नाही'. सही केली, निघाले. त्या बाई नंतर सहा वर्षं माझ्याकडं एकही अडचण घेऊन आल्या नाहीत. मी गेले की त्यांचा वर्ग चिडीचूप, आणि त्या तोच एक पाठ घ्यायच्या, तयार करून ठेवलेला. मला वाटायचं सुधारणा झाली. रिटायर होताना त्या हसत म्हणाल्या, "तुमचा पाठ मला तोंडपाठ होता हो."

म्हणून गोपनीय अहवाल आणि मदत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. सीआर (हाच गोपनीय अहवाल) लिहायचा तो लिहावाच लागतो, त्यासाठी वर्षात ठरलेल्या भेटी असू देत आणि त्या तशाच सांगून करा. बाकीच्या भेटींचं लॉग बुकात काहीही लिहायचं नाही.

या दुसऱ्या प्रकारच्या भेटीची आमची पद्धत साधी आहे. आदल्या दिवशी शिक्षकालाच विचारायचं की मी काय बघू. कुणी म्हणतं मागच्या बाकावरची किती मुलं बोलतात ते मोजा, कुणी म्हणतं मी प्रश्न विचारल्यावर किती थांबतो ते बघा. जायचं पंधरा मिनिटं, फक्त तेवढंच बघायचं, आणि त्याच दिवशी बोलायचं. आधी शिक्षकाने बोलायचं. मग मी जे मोजलं ते सांगायचं, मत नाही, आकडा. 'तुम्ही प्रश्न विचारून दोन सेकंदांत स्वतःच उत्तर दिलं, असं सात वेळा झालं', एवढं पुरतं. एका भेटीत एकच गोष्ट. मला दिसलेल्या बाकीच्या नऊ गोष्टी मी गिळते, अवघड आहे पण गिळते.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी स्वतःचा वर्ग उघडा करा. मी नववीला मराठी घेते, तिथं पहिल्यांदा तीन शिक्षकांना बोलावलं, त्यांनी सांगितलं की बाई, तुम्ही पहिल्या दोन रांगांकडेच बघून शिकवता. लागलं मनाला. पण स्टाफरूममध्ये ती बातमी दुपारपर्यंत पोचली आणि पुढच्या महिन्यात चार जणांनी आपणहून 'माझ्या तासाला या' म्हटलं.

पायरी ५: नव्या माणसाला सगळ्यात अवघड वर्ग देऊ नका

शिक्षणसेवक म्हणून जो येतो त्याची तीन वर्षं मानधनावर जातात. २०२३ पासून ते वाढून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झालं, पण नाशिकमध्ये इंदिरानगर किंवा गंगापूर रोडला खोली घ्यायची म्हटलं तर त्यातलं किती उरतं हिशोब करा. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून ही तरुण मुलं विदर्भ-मराठवाड्यातून येतात, इथं ओळखीचं कुणी नसतं. आणि आपण त्यांना काय देतो? शेवटची तुकडी, जी कुणालाच नको असते, सगळे उपक्रम, वृक्षारोपण, क्रीडा, स्काउट, आणि वर 'तुम्ही तरुण आहात'.

आता आमच्याकडे पहिल्या वर्षी नव्या शिक्षकाला दोनच इयत्ता, म्हणजे तयारी दोनच प्रकारची. अवघड तुकडी सीनियर घेतात, पहिल्या वर्षी मीच घेतली म्हणून पुढच्यांना नाही म्हणता आलं नाही. एक जोडीदार शिक्षक, शक्यतो त्याच विषयाचा, ज्याच्या तासाला नवा माणूस आठवड्यातून एकदा जाऊन बसतो. आणि पहिल्याच दिवशी चहा पिता पिता, लेखी काही नाही, या गोष्टी सांगायच्या: पगारबिल कोण बघतं, रजेचा अर्ज कुठे, कुठल्या पालकाशी कसं बोलायचं, पोर फारच त्रास द्यायला लागलं तर वर्गाबाहेर काढण्याऐवजी कुणाकडे पाठवायचं. खोली शोधून द्यायचं कामही आमचे मामा करतात, सिडकोतली निम्मी घरं त्यांना माहीत आहेत.

पायरी ६: मीटिंग

जे कागदावर वाचून कळतं त्यासाठी मीटिंग नको, एवढं केलं तरी अर्धा तास वाचतो. उरलेल्या वेळात एक शिक्षक या महिन्यात काय फसलं ते सांगतो. पहिली पाळी मुख्याध्यापकाची. मी सांगितलं होतं की सहामाही परीक्षेचं वेळापत्रक मी कुणाला न विचारता लावलं आणि भाषेच्या शिक्षकांना तीन दिवसांत चारशे पेपर आले, चूक माझी. ॲमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये कंपनीतल्या टीमवर अभ्यास करून हेच दाखवलं होतं की जिथे चूक कबूल करायची भीती नसते त्या टीम जास्त शिकतात. त्याला मानसिक सुरक्षितता म्हणतात, पण आपण साध्या भाषेत 'इथं हसणार नाहीत' म्हणू. कुणी हसलंच, टोमणा मारलाच, तर तिथल्या तिथे थांबवा. एकदा सोडलं की पुढचे सहा महिने कुणी तोंड उघडणार नाही.

पायरी ७: पालक चिडून आले तर

याची पद्धत आधीच ठरवा, कारण तेव्हा विचार करायला वेळ नसतो. शिक्षकाला भर तासातून बोलावून पालकांसमोर उभं करायचं नाही, हा एक नियम. आधी मी ऐकणार, लिहून घेणार, शिक्षकाशी एकट्याने बोलणार, आणि मग दुसऱ्या दिवशी तिघं एकत्र. शिक्षकाचं चुकलं असेल तर ते मी त्याला आत सांगते, आणि पालकांना 'आमच्याकडून चूक झाली' असं म्हणते. याचा अर्थ पाठीशी घालणं असा नाही, मुलाला मारलं, अपमान केला तर कायदा आहे आणि तिथं मी शिक्षकाच्या बाजूने उभी राहत नाही. संस्थेचे पदाधिकारी थेट शिक्षकाला फोन करत असतील तर त्यांनाही नम्रपणे सांगा की फोन मला करा. सोपं नसतं, मला दोन वर्षं लागली आणि एक पदाधिकारी अजूनही करतातच.

पायरी ८: न्याय दिसू द्या

रांगोळी, पाहुण्यांचं औक्षण, नाश्त्याच्या प्लेट हे नेहमी बाईंकडे आणि मंडप, स्पीकर सरांकडे, ही वाटणी एका वर्षी उलटी करून बघा. जिल्ह्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार कुणाच्या नावाने पाठवायचा, उन्हाळ्यात वरच्या वेतनासाठी लागणाऱ्या निवड श्रेणीच्या प्रशिक्षणाला कुणाला कधी सोडायचं, ड्युटीचा चार्ट कुणी केला, या गोष्टींवरून गटबाजी होते. सगळे चार्ट स्टाफरूमच्या भिंतीवर लावा, कोणाला किती वेळा आलं ते सगळ्यांना दिसतं. बाकी यावर जास्त लिहीत नाही, प्रत्येक शाळेची भांडणं वेगळी.

दोनशिक्षकी शाळेत हे कसं करायचं?

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतले जिल्हा परिषदेचे मित्र म्हणतील की मॅडम तुमच्याकडं विषयाला तीन शिक्षक, आमच्याकडं चार वर्गांना दोघं, आणि दिवाळीनंतर घरंच्या घरं दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला निघाली की पटच अर्धा. खरंय. तिथं तुमची स्टाफरूम म्हणजे केंद्र, आसपासच्या शाळांचा गट. महिन्याची शिक्षण परिषद होतेच, तिचं रूपांतर वह्यांच्या बैठकीत करता येतं का ते केंद्रप्रमुखांच्या हातात आहे. सूचना आणि माहितीचे विषय व्हॉट्सॲपवर उरका, परिषदेचे पहिले दोन तास वह्यांना द्या, आणि दर वेळी वेगळ्या शाळेत घ्या म्हणजे दुसऱ्याचा वर्ग, भिंती, साहित्य बघता येतं. स्थलांतर करणाऱ्या मुलांचं हंगामी वसतिगृह, मधेच परत आलेल्या मुलाला कुठून सुरू करायचं, हे प्रश्न केंद्रातल्या सगळ्यांचे सारखेच असतात, आणि त्यावर सगळ्यात चांगली उत्तरं तिथल्याच एखाद्या जुन्या गुरुजींकडे असतात, प्रशिक्षणाच्या पीपीटीत नसतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांना वर्षाला किमान ५० तासांचं व्यावसायिक प्रशिक्षण सांगितलंय. ते तास मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवून बाजूला वह्या तपासण्यात कसे जातात ते तुम्हीही जाणता, मीही जाणते.

फरक पडतोय का ते बघायचं कसं

दहावीच्या निकालावरून बघू नका, ती बॅच कशी आली त्यावर बरंच असतं. आम्ही सप्टेंबरमध्ये आणि फेब्रुवारीत एक चिठ्ठी देतो, नाव लिहायचं नाही, ऑफिसबाहेरच्या डब्यात टाकायची. चार प्रश्न. गेल्या महिन्यात शिकवण्यातली अडचण कुणाशी बोललात का? कुणाचा तास बघितला का? मुख्याध्यापकांनी तुमचा वेळ वाया घालवला अशी एक गोष्ट लिहा. पुढच्या वर्षी याच शाळेत राहायला आवडेल का?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं मी मीटिंगमध्ये जशीच्या तशी वाचते आणि त्यातली एक गोष्ट त्या महिन्यात बंद करते. पहिल्या वर्षी अर्ध्याअधिक चिठ्ठ्या कोऱ्या आल्या होत्या, लोकांना वाटलं अक्षर ओळखतील. दुसऱ्या वर्षी आम्ही प्रश्न टाइप करून फक्त खुणा करायला ठेवल्या, तिसऱ्या प्रश्नाला तेवढी लिहायला जागा सोडली. मागच्या फेब्रुवारीत एकाने तिथं लिहिलं होतं, 'सूचना वही तासाच्या मध्यात पाठवू नका, तंद्री मोडते'. एवढी वर्षं सुरू होतं ते, आणि मला एकदाही सुचलं नव्हतं. आता मामा वही फक्त मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये ठेवतात.